तांबडा बोकड कुणाचा?

एगोन पब विकतोय, हे मला एगोननं सांगितलं नाही. वेर्नेरनं सांगितलं, तेही तोंडात घास घेऊन.

"मग काय गुनवोर? गुरुवारी दुपारी कोपनहेगनची माणसं येतायत म्हणे, आपला बोकड बघायला. पसंत पडला की झालं."

'तांबडा बोकड' म्हणजे आमचा पब. ऑर्हुसच्या भर मध्यात, चर्चच्या मागच्या गल्लीत. वेर्नेर तिथं रोज फासे खेळत बसतो आणि साऱ्या शहराच्या बातम्या त्याच्याकडे असतात. माझ्या हातात सुरी होती. ती मी खाली ठेवली, कारण डोकं असं फिरलं होतं की सांगता सोय नाही.

संध्याकाळी एगोन पेले पुसत होता. एकच पेला किती वेळ पुसावा माणसानं?

"कळलं असेल तुला," तो म्हणाला.

"कळलं."

"दमलो गं आता. सत्तरी उलटली, गुडघे ऐकत नाहीत." मग माझ्याकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं?"

आता बोल ना बाई! एगोनची बायको रिग्मोर गेली तेव्हापासून हे स्वयंपाकघर मी एकटीनं ओढलंय. हेरिंग मासा खारवणं, मुरवणं, काळा पाव भाजणं, सगळं माझ्या हातचं. हा पब मला हवा होता. नुसता हवा नव्हता, रात्रंदिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. आणि मी काय म्हणाले?

"तुझा पब आहे. छान झालं."

छान! तोंडात मारून घ्यावीशी वाटली स्वतःच्या.

पण आमच्याकडे हे असंच आहे. 'मला हे येतं, मला हे द्या' असं कुणी म्हटलं की बाकीचे खिडकीबाहेर बघायला लागतात. जेवण अप्रतिम झालं तर खाणाऱ्यानं 'वाईट नाही' म्हणायचं, आणि करणाऱ्यानं म्हणायचं, 'छे, असंच आपलं, घरात होतं ते टाकलं.' भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. दारू चढलेले दोन खलाशी मी कॉलर धरून रस्त्यावर काढलेत. पण स्वतःसाठी मागायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.

गुरुवारी ते आले. मॅग्नस आणि सिल्ये, नवरा-बायको, दोघंही अगदी गोड बोलणारे. तेच तर वाईट. उद्धट असते तर माझं काम सोपं झालं असतं. एगोननं त्यांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, मेणबत्ती लावली, आणि मी पहिली ताटली पाठवली. काळ्या पावावर हेरिंग, वर कांदा, सोबत थंडगार श्नॅप्स, आमची कडक दारू. तिघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून पेले उचलले.

स्वयंपाकघरातून ताटल्या द्यायची माझी खिडकी टेबलापासून चार हातांवर. कान बंद करून थोडंच काम करता येतं?

"इथं आम्ही वाइनची कपाटं लावू," मॅग्नस म्हणत होता. "फाशांचं टेबल काढू. स्वयंपाकघर तर पाडूच. जेवण तयार मागवायचं, हल्ली सगळं चांगलं मिळतं."

वेर्नेरनं फाशांचं भांडं छातीशी धरलं. एगोन ताटलीकडे बघत नुसता मान हलवत होता. मी कढईत मासा सोडला, दुसऱ्या ताटलीसाठी. लोणी तडतडायला लागलं आणि माझं डोकंही.

एवढ्यात सिल्येनं काटा खाली ठेवला. "एगोन, हे हेरिंग... हे कुणी केलंय?"

"आहे आमच्यात एक," एगोन म्हणाला.

तिनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही? खरंच, वाईट नाही हं. अजिबात वाईट नाही."

आता मी 'छे, असंच आपलं' म्हणायचं होतं. ठरलेलं होतं ते. माझी आई तेच म्हणाली असती, आजी तेच म्हणाली असती.

"वाईट कसं असेल?" मी म्हटलं. "मी केलंय. असं हेरिंग या शहरात दुसरं कुणी करत नाही."

सगळ्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. वेर्नेरनंसुद्धा, मेल्यानं! माझे कान तापले, पण आता थांबले तर संपलंच. हात पुसत मी बाहेर आले आणि टेबलाशी उभी राहिले.

"एगोन, बोकड मला हवाय. मी चालवते तो आत्ताही. पैशांचं मी बघेन. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

एगोननं हळूच नॅपकिन टेबलावर ठेवला. "अगं बाई, मग इतके दिवस तोंडाला कुलूप का लावलं होतंस?"

"तू विचारलंस का?"

"कसं विचारू? तुला नको असतं, तरी रिग्मोरच्या आठवणीखातर हो म्हणाली असतीस. तुझ्या गळ्यात धोंड कशाला बांधू?"

"आणि मला वाटलं, तू म्हणशील, चढून बसली डोक्यावर."

"मूर्ख बाई."

"मूर्ख म्हातारा."

त्याचे डोळे भरून आले होते. माझं विचारू नका.

मॅग्नस खाकरला. "पण एगोन, आपलं बोलणं झालं होतं..."

"बोलणं झालं होतं. शब्द दिला नव्हता. आजचं जेवण माझ्याकडून." एगोननं माझ्याकडे बोट केलं. "आणि पुढचं काही असेल तर हिच्याशी बोला. मालकीण ही."

मॅग्नस बिचारा धंद्याचा माणूस. त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "मग तुम्ही विकाल का आम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

एवढं म्हणून आत गेले, दार लोटलं, आणि पदरचं सगळं धैर्य संपल्यासारखी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. बाहेरून वेर्नेर बोंबलत होता, "मालकीणबाई! मासा करपतोय!"

करपू दे. माझा मासा आहे.