ध्वनी : प्रभू पोले

"ह्या मेंढरांची तोंडं कोन बांधावी आता?" सिंधूबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात सरकली. "एक शबुद आयकू येऊन न्हाई राहिला."

"माय, बाजूला हो जरा. दिसून न्हाई राहिलं कुनाला," साधना म्हणाली.

घराला लागूनच मेंढवाडा होता. एव्हाना कळप माळावर पोचायला हवा होता. पण आज रविवार, सकाळचा कार्यक्रम, आणि सिंधूबाईच्या नवऱ्यानं, मल्हारीनं, कळप मुद्दाम थांबवून ठेवला होता. मेंढरांना रविवार कळत नव्हता. ती भुकेनं एकसारखी ओरडत होती.

चित्र : बर्फाचे डोंगर. त्यांच्या कडेनं दोऱ्याएवढा रस्ता. रस्त्यावर एक पांढरी गाडी.

आवाज : इंजिन. वारा. मग एका पुरुषाची जड, गुळगुळीत हिंदी. हे खोरं वर्षातले कित्येक महिने जगापासून तुटलेलं असतं, असं तो सांगतो.

घर : शेजारची जनकाबाई सुपात लसूण सोलत बसली होती. "बाई बाई, नुसते दगडच की गं. झाडनीला काडी भेटायची न्हाई तिथं. काहून जातेत लोकं असल्या मुलखात?"

"पाहायला," साधना म्हणाली.

"पाहायचं तर मपल्या हरभऱ्यात यावा म्हनावं. डुकरांनी काय करून ठेवलंय, ते पाहावा."

मल्हारी दारात उकिडवा बसून हसला. सिंधूबाई हसली नाही. तिचं पडद्याकडं लक्ष नव्हतंच. ती ऐकत होती.

कारण ह्या कार्यक्रमाचा आवाज प्रभूनं पकडला होता.

प्रभू तिचा थोरला. पुण्यात राहून हे काम शिकला. लांब काठी, तिच्या टोकाला केसाळ गोंड्यासारखा माइक, कानांवर हेडफोन, असा त्याचा पहिला फोटो आला तेव्हा मल्हारी म्हणाला होता, "मेंढरं सोडून गेला, अन् काठीला मेंढीच बांधून हिंडून राहिला की!" हे गावभर झालं. प्रभूलाही कळलं. तेव्हापासून त्या माइकला तो मेंढीच म्हणायला लागला.

मागच्या उन्हाळ्यात, ह्याच डोंगरांत, त्याला दम लागला. वर हवा विरळ. खोकला थांबेना म्हणून त्याला गाडीत घालून खाली आणायला निघाले. तो वाटेतच गेला.

घरात त्याचे फोटो पुष्कळ होते. आवाज नव्हता. तो साधनाच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा, पण त्यांत ओढे, पाखरं, दळता दळता गाणाऱ्या कुठल्या तरी बाया. हा गप्प. "मशीन चालू असलं की आपन बोलायचं नसतं, माय," असं तो फोनवर सांगायचा. आणि फोनवरचं बोलणं हवेतच राहिलं.

सिंधूबाईला त्याचं बोलणं आठवायचं, शब्दन् शब्द. पण दिवाळीपासून एक भलतंच होऊ लागलं. ते शब्द तिला तिच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू यायला लागले. "मपल्या लेकराचा आवाज मी हरवून बसले," असं तिनं साधनाला सांगितलं, नदीवर, धुणं पिळताना. मल्हारीला सांगितलं नाही.

एवढ्या मोठ्या कार्यक्रमात कुठं तरी तो बोलला असेल. निदान खोकला असेल.

जाहिरात : भिंतीचा रंग. त्या रंगाच्या घरात राहणारी हसरी माणसं.

घर : मल्हारी उठला. घोंगडी खांद्यावर टाकली.

"मी मेंढरं घेऊन जातो."

"आवं, आता? लेकराचं चालू हाय अन्..."

"त्याहिच्या वरडन्यात तुला घंटा आयकू येत न्हाई. तू आयक बराबर. सांजच्याला मला सांग."

"तुमाला न्हाई पाहायचं?"

"डोंगरच हायेत की. डोंगर काय पाहायचे," मल्हारी म्हणाला आणि वाड्याच्या तोंडाचं काट्यांचं झापं बाजूला केलं. कळप घरावरून गेला, वळणाला लागला, लांब गेला. घरात पंख्याची कुरकुर तेवढी राहिली.

चित्र : एक म्हातारी लोकर काततेय. तोंडभर सुरकुत्या. कॅमेऱ्याकडं पाहून लाजते.

आवाज : चाती फिरते. म्हातारी काही बोलते. तिच्यावर लगेच तो जड आवाज चढतो : इथली माणसं साधी आहेत, समाधानी आहेत.

घर : "तिला बोलू दे की रे बाबा!" सिंधूबाई टीव्हीवर खेकसली. "ती काय म्हनली, साधने?"

"मला काय ठाव माय, तिची भाषा."

"समाधानी असंल असं वाटत न्हाई मला," जनकाबाई म्हणाली. "लोकर पाहिली का? सगळी गुतलेली."

चित्र : उंचावरचं कुरण. बारीक ओढा. ओढ्यावर मेंढ्या, माना खाली, पाणी पिताहेत. अचानक एक मान वर येते. मग दुसरी. मग सगळ्याच. सगळा कळप पडद्याबाहेर एकाच जागी पाहतो. मग एकेक मान पुन्हा खाली जाते.

आवाज : बासरी.

घर : "थांबव!" सिंधूबाई ओरडली. "साधने, थांबव ते!"

"टीव्ही हाय माय, थांबत न्हाई. काय झालं?"

"शीळ घातली त्यानं."

"कुनी?"

"प्रभूनं. जनावर पान्याला लागलं की आपन शीळ घालतोत का न्हाई? पोटभर पेतं म्हनून? त्यानं घातली. ती परमुलखाची मेंढरं, त्याह्यला ही रीत कुठं ठाव? म्हनून पाहून राहिली, कोन हाय हा." तिनं पडद्याच्या डाव्या कडेला बोट टेकवलं. तिथं आता दुसरंच चित्र होतं, एका मठाचं. "हितं हुबा होता."

"व्हय गं," जनकाबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. "आमचे हे बी बैलाला घालतेत. घरात तोंडातून अक्षर निघत न्हाई, बैलापाशी मातर..." तिनं पुढचं गिळलं.

"पन नुसती बासरीच वाजली की माय," साधना हळू म्हणाली.

"बासरी मागून लावली आसंल. बासरीला मेंढरू मान वर करत न्हाई."

चित्र : काळ्या पडद्यावर नावं सरकतात.

आवाज : तीच बासरी.

घर : "आलं का त्याचं नाव?" सिंधूबाईला वाचता येत नव्हतं.

"आलं," साधना म्हणाली. "गेलं."

फोन : मिना हा कार्यक्रम करणारी. मागच्या उन्हाळ्यात गेलेल्या प्रभूला घेऊन आली तेव्हा ती दोन दिवस ह्याच घरात राहिली होती. साधनानं तिला फोन लावला आणि आईच्या कानाला धरला.

"काकू, बघितलंत?"

"पाहिलं ताई. चांगलं झालं. ती मेंढरं पानी पेत होती, तवा प्रभूनं शीळ घातलती का हो?"



"काकू, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मेंढरांनी."

"घातली होती," मिना म्हणाली. "सगळे ओरडलो आम्ही त्याच्यावर. शूटिंगमध्ये कुणी साधं खाकरलं तरी हा डोळे वटारायचा, आणि त्या दिवशी ह्यानंच शीळ घातली. स्वतःच दचकला. म्हणाला, सॉरी, तोंडातून आपोआप गेली. पुन्हा घ्यायचं म्हटलं तर मेंढ्या परत पाण्यावर येईनात, म्हणून तेच चित्र ठेवलं. आवाज काढला आणि बासरी घातली."

"ते काढलेलं कुठं ठेवतेत, ताई? ती शीळ. अन् ते सॉरी म्हनलेलं."

"काकू..." मिनाचा आवाज बारीक झाला. "काम संपलं की बाकीचं पुसून टाकतो आम्ही. पुढच्या कामाला जागा लागते. माझ्या लक्षातच नाही आलं. मला तेव्हा सुचायला हवं होतं."



"लागतीच की जागा," सिंधूबाई म्हणाली. "तुमी रडू नका. जेवल्या का?"

आवाज : सांजेला मल्हारी आला. मेंढरं वाड्यात कोंडली, पाय धुतले आणि चुलीपाशी येऊन बसला. अॅल्युमिनियमच्या ताटलीत साधनानं कालवण वाढलं. ताटली जवळ ओढत त्यानं विचारलं.

"आयकला का?"

सिंधूबाई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"व्हय. मेंढरं पानी पेत होती. त्यानं शीळ घातली. सगळे चिडले, तर सॉरी म्हनला."

साधनानं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"अस्सं," मल्हारी म्हणाला. भाकरीचा तुकडा मोडत त्यानं विचारलं, "आवाज कसा आला?"

"तुमच्यावानी."

मल्हारीनं घास हातातच धरला.

"बोला की कायतरी," सिंधूबाई म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी. मेंढरं कुठं नेली ते सांगा."

"कुठं नेनार. माणिकरावाच्या वावरात. तूर निघाली त्याची, पाला पडलाय. तिथं चरली." तो थांबला. सिंधूबाई वाट पाहत होती. "काळी लंगडून राहिली. खुरात काटा होता, काढला. मग खाली नाल्याकडं नेली, तर नाल्याला पानी कमी झालंय... भिवाजी भेटलता. त्याची म्हैस व्याली म्हने. रेडकू चांगलं हाय, कपाळाला पांढरं..."

बोलायची सवय नसलेला माणूस. मधेच अडायचा, काही आठवून पुन्हा पुढं जायचा. सिंधूबाई डोळे मिटून चुलीसमोर बसली होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी साधनानं तिला हाक मारली नाही. उठून तिनंच ती उलटली आणि आवाज होऊ न देता उलथनं खाली ठेवलं.