दोन वर्षांची तूट

"सतरा वर्षं दोन महिने," खिडकीतली बाई म्हणाली आणि तिने अर्ज काचेखालून परत सरकवला. "अठरा पाहिजेत."

"सज्ञान माणसाला दत्तक घ्यायचं असलं तरी?" मुलीने विचारले. ती बेचाळीस वर्षांची होती, शाळेत गणित शिकवायची. तिची संमती, शेजारी उभ्या असलेल्या, तिला दत्तक घेणाऱ्या माणसाच्या तब्येतीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, सगळे तिने क्रमाने लावून आणले होते.

"तरी. घेणारा अठरा वर्षांनी मोठा हवा. नाहीतर उद्या कुणीही कुणाचा बाप होईल."

"दहा महिन्यांसाठी अडवताय. दहा महिन्यांनी आलो तर?" तो म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी हसले. "अहो, तीपण वाढणारच ना तेवढी!"

तोही कसनुसा हसला. सकाळपासून ही तिसरी खिडकी होती. मग त्याने हळूच विचारले, "जन्मतारीखच चुकीची लागली असेल तर?"

"जन्माचा मूळ पुरावा आणा. आणि नोकरीत आहात ना? मग खात्याचं पत्र, की आमच्याकडे नोंद चुकली आहे. पुढचा."

बाहेर बाकावर बसल्यावर त्याने पाकिटातून घडी पडून चिरलेली एक चिठ्ठी काढली. प्रसूतिगृहाची. त्याच्या आईने जपून ठेवलेली.

मुलीने तारीख वाचली, पुन्हा वाचली. "काका, तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात?"

"आणि पाच महिने. मामानं शाळेत घालताना दोन वर्षं कमी लावली. म्हणाला, पोराची नोकरी दोन वर्षं जास्त होईल."

"माझ्या आईला माहीत होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं. ती तीन वर्षांनी मोठी म्हणून लोक नाकं मुरडायचे. ती म्हणायची, एकाच वर्षानं आहे हो, पण सांगणार कुणाला!"

दोघेही थोडे हसले. आई जाऊन वर्ष झाले होते. नऊ वर्षांची असताना ती आईबरोबर त्याच्या घरी आली, तेव्हापासून त्याला काका म्हणत होती. यंदा त्याचे ऑपरेशन होते. सहीसाठी पेन हातात घेतल्यावर तिला विचारले गेले, तुम्ही यांच्या कोण? पेन परत घेतले गेले. रक्ताचे कुणी येईना म्हणून ऑपरेशन दोन दिवस पुढे गेले.

"साठीलाच निवृत्त व्हायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली. "हे कळलं तर चौकशी लावतील. सात महिने राहिलेत, मानानं बाहेर पडा. मला तुम्ही काकाच चालता."

"दवाखान्यात नाही चाललो."

तिने चिठ्ठीची घडी घालून ती त्याच्या हातात दिली. तिची दुपारची शाळा होती, ती गेली.

तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. तो कचेरीत परतला तेव्हा टेबलाशी एक किराणा दुकानदार काटा घेऊन थांबला होता. त्याने खात्याचे एक किलोचे वजन काट्यावर ठेवले. आठ ग्रॅमची तूट.

"आठ ग्रॅमनं कुणी मेलंय का साहेब?" दुकानदार म्हणाला.

"काट्याला विचारा," हे त्याचे ठरलेले उत्तर खात्यात सगळ्यांना पाठ होते. आज तो म्हणाला, "थांबा जरा." कोरा कागद घेऊन त्याने पाच ओळी लिहिल्या, चिठ्ठीची प्रत जोडली आणि आत गेला.

साहेब त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होता. त्याने कागद वाचला, उठून दार लावले. "कुणी तक्रार केलीय का तुमची?"

"नाही."

"मग मी हे पाहिलंच नाही. घेऊन जा. सात महिन्यांनी हार घालून निरोप देतो तुम्हाला, झकास भाषण करतो."

"आवक नोंद झालीय, साहेब."

साहेबाने कागदाचा कोपरा पाहिला. आवक क्रमांक, तारीख. खात्यात नवीन आला तेव्हा त्याला ही पद्धत यानेच शिकवली होती: कागद हरवू द्यायचा नसेल, तर आधी नंबर पाडायचा, मग आत यायचे.

"चौकशी होईल. पेन्शनही अडकेल कदाचित. पटतंय ना?"

"होय. फक्त नोंद चुकल्याचं पत्र लवकर द्या."

"देतो," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाला. "शिक्का जमा करावा लागेल. आजच."

तपासलेल्या काट्यावर ठोकायचा प्रत्येक निरीक्षकाचा पोलादी शिक्का वेगळा, त्यावर त्याचा अंक कोरलेला. माणूस गेला की तो अंक घासून टाकायचा, म्हणजे त्याच्या नावाने मागून कुणी ठसा मारत नाही. शिपाई कानस घेऊन आला, पण हात लावेना. शेवटी निरीक्षकानेच शिक्का पकडीत आवळला आणि अंक घासला. वेळ लागला, पोलाद चांगले होते. पडलेला कीस त्याने कागदावर गोळा केला.

दुकानदार अजून उभा होता. "साहेब, माझा काटा?"

"आठ ग्रॅम कमी आहे. नीट करून आणा. उद्या दुसरे कुणीतरी बघतील."

मग त्याने मुलीचा अर्ज काढला. वयाच्या रकान्यातला आकडा खोडून शेजारी एकसष्ट लिहिले. खाली समासात, तपासलेल्या काट्याच्या दाखल्यावर लिहायचा तसे, लिहिले: अंतर एकोणीस वर्षे, दोन महिने. तारीख टाकली, आद्याक्षरे केली. सवयीने शिक्क्यापुरती जागा सोडली होती, ती तशीच राहिली.