उंबऱ्यावरचं सलगम

मी एक सलगम बोलतोय. आवाज कापतोय, तेवढं चालवून घ्या. पोट पोखरून आत पेटती मेणबत्ती खोचली तर तुमचाही कापेल.

शेतात होतो तेव्हा मला एकच भीती होती, घरच्या डुकरिणीची. मग सुगी संपली, गुरं डोंगरावरून खाली आली आणि साविनच्या सणाला मला उपटलं. या रात्री घरची मेलेली माणसं जेवायला येतात. त्यांच्या गर्दीत नको ती मंडळीही घुसतात, म्हणून दारात भेसूर तोंडाचा कंदील लागतो. त्या जागेवर माझी नेमणूक झाली. माझं मत कोणी विचारलं नाही.

नऊ वर्षांच्या सोर्खाने चमच्याने माझं पोट कोरलं आणि तिच्या आजीने सुरीने तोंड.

"एवढे दात नको गं आजी. बाबा घाबरतील."

"तुझा बाप? माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो. त्याला कसली भीती?"

सोर्खाची आई ब्रीद बटाटे-कोबी कुस्करत होती. ती हसली नाही. तिचा नवरा तायग वसंतात होडीसकट बुडाला होता. त्याचं ताट मांडलं होतं, स्टूल चुलीजवळ ठेवलं होतं, दाराची कडी काढली होती.

मला उंबऱ्याबाहेर बसवताना सोर्खा कुजबुजली, "बाबा डावा पाय ओढत येतात. दाराशी आले की खाकरतात. त्यांना घाबरवलंस तर आता वर्षभर येणार नाहीत."

माझं तोंड एकच, तेही कोरलेलं. माणूस बघून ते बदलायचं कसं?

अंधार पडला. मी जगाकडे दात विचकून पाहत होतो आणि आत ज्योत लटपटत होती. एक कोल्हा आला, माझ्याकडे बघून जांभई देऊन गेला. मग वाटेवर पाऊल वाजलं. पाठोपाठ काहीतरी घासत आलं. पुन्हा पाऊल, पुन्हा घासणं. फाटकाशी थांबलं. दिसत कोणीच नव्हतं, पण ते माझ्याकडे बघत होतं. मी दात झाकायची फार धडपड केली. एक पाऊल मागे सरकलं.

तेवढ्यात दार उघडलं. आजी दिवसभर सगळ्यांना बजावत होती, "आज पाणी फेकण्याआधी 'बाजूला व्हा' म्हणा. बाहेर कोण उभं असेल सांगता येत नाही." आणि तिनेच पाय धुतलेलं पाणी न बोलता भिरकावलं. सगळं माझ्यावर. मेणबत्ती विझली.

"अगं बाई. कोणाच्या अंगावर नाही ना पडलं?"

"आई, कंदील विझला," सोर्खा म्हणाली. "लावू?"

ब्रीद म्हणाली, "राहू दे तसाच."

दार लोटलं गेलं. आता माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं. पाऊल, घासणं. पाऊल, घासणं. अगदी माझ्या शेजारी कोणीतरी हळूच खाकरलं. भीतीने माझी साल आकसली. दार वीतभर उघडलं आणि मिटलं.

उजाडताना मी पाहिलं. सांडलेल्या पाण्याच्या चिखलात उजव्या पायाचा ठसा होता आणि डावीकडे लांब रेघ. घरातलं कोणी उठण्याआधी डुकरिणीने ते सगळं तुडवलं.

आज अकरावा दिवस. मी सुरकुतलोय, दात आत वळलेत, डुकरीण दोनदा हुंगून गेलीय. आजी म्हणते, दार वाऱ्याने उघडलं. सोर्खा रोज माझ्यापुढे उकिडवी बसून विचारते, "आले होते ना?" मेणबत्तीशिवाय माझं तोंड नुसतं भोक आहे.

तुम्ही त्या वाटेने जाणार असाल तर जरा लवकर जा. तिला एवढंच सांगा, डावाच पाय होता.