उताराला लागलेल्या रेघा

मेणाचा थेंब पिसाच्या टोकावरून सुटला आणि अंड्यावर नको तिथं पसरला – त्रिकोणाच्या जागी नुसता ओघळ. पन्नास वर्षं ईस्टरच्या अंड्यांवर मेणानं नक्षी लिहिली, वोर्शाच्या हातून असं कधी झालं नव्हतं. झालं ते म्हातारपणानं नव्हे. अंड्यांखाली अंथरलेल्या त्या वर्तमानपत्रानं.

त्यात रेघा होत्या, कुठला देश किती तपकिरी कोळसा जाळतो त्याच्या. अक्षरं तिला जड जातात, पण उतार कळायला शाळा कशाला हवी – आपली जर्मनीची रेघ घसरलेली, पोलंडची घसरलेली, चेकांची घसरलेली, ग्रीसची तर जमिनीला टेकायला आलेली...

"खाणीचं यंत्र थांबलं, आई," सून लेयना म्हणाली. "जुन्या गावात, हांझामावशींच्या कुंपणापासून तीनशे पावलांवर. आता पुढं येत नाही म्हणे."

"मग तिनं मेणबत्ती लावली असेल यंत्रापुढं."

"अंडी पाठवलीत त्यांनी. तुमच्या हातात आहे ते त्यांच्याच कोंबडीचं. उद्या बोलावलंय – जुन्या स्वयंपाकघरात, सगळ्याजणी मिळून लिहू म्हणाल्या."

जुनं स्वयंपाकघर. तिचं आहे अजून. माझं कुठंय – माझ्या चुलीच्या जागी खाणीचा शंभर हात खोल खड्डा, आणि ब्यार्नातची, माझ्या नवऱ्याची हाडंसुद्धा पेटीत भरून या नव्या वसाहतीत आणली, दिशा न विचारता पुरली. का? तर देशाला कोळसा हवा. आणि आता नको. चहा नको म्हणावं तसा नको.

पण बारा वर्षांपूर्वी खाणावळीच्या मोठ्या खोलीत घरं सोडायचा कंपनीचा कागद पुढं आला तेव्हा पहिली कोण उठली? वोर्शाला ओढत नेलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून ताठ मानेनं मीच उठले, सही केली, आणि माझ्यामागून संध्याकाळपर्यंत तीस घरांनी. एकटी हांझा बसून राहिली. "बस मग, मातीत जाशील," मी भर सभेत म्हणाले. लोक हसले होते.

"काय सांगू त्यांना?" लेयना दारात थांबली होती, कोट घालून.

सांग, की... वोर्शानं तोंड उघडलं. राग तर होताच, बारा वर्षांचा, कंपनीवर, सरकारवर, त्या शहाण्या कागदवाल्यांवर. पण आज तो नेहमीच्या वाटेनं जाईना, उलटा तिच्याच अंगावर येत होता. दर रविवारी चर्चमधून येताना ती टेकाडावर चढायची, यंत्र किती पुढं सरकलं ते बघायला. लोकांना वाटायचं, म्हातारी गावासाठी रडायला जाते. ती हांझाच्या कुंपणापर्यंतची पावलं मोजायची. पाचशे. चारशे. तीनशे... आणि घरी येऊन पोटभर जेवायची.

"आई?"

"थांब जरा," ती म्हणाली. तिच्याच कानाला तो आवाज परक्या बाईचा वाटला.