दुसऱ्याच्या हातचा घास

लेकीला, चिमणीला, संस्थेत पाठवायचं नाव काढलं की म्हशीवाली भांडायलाच उठायची. त्या सकाळीही गोठ्यात शेण भरता भरता तिची जावेशी जुंपली. जावेचं म्हणणं साधं होतं. गावाबाहेर, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात अशा लेकरांना सांभाळणारी संस्था निघालीय. दिवसभर ठेवून घेतात, चार गोष्टी शिकवतात. एकदा नेऊन तर बघावं.

"माझं पोर मला जड झालेलं नाही," म्हशीवालीने घमेलं आपटलं, "आणि ती दुसऱ्याच्या हातचं खात नाही."

हे मात्र खरं होतं. चिमणी अंगाने चांगली थोराड बाई, पण समज दोन-तीन वर्षांच्या लेकराएवढी. आई समोर बसून घास भरवायची, तेव्हाच तिचं तोंड उघडायचं. गोठ्यातली चांद्री म्हैसही तशीच. परका हात लागला की दूध चोरायची, पान्हा म्हणून सोडायची नाही. लोक म्हणायचे, हाताला गुण आहे बाईच्या. ते ऐकून म्हशीवालीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नवरा गेल्यापासून कौतुकाचं तेवढंच तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तिने ते जिवापाड जपलं.

भांडणाच्या त्या तिरीमिरीतच तिचा पाय ओल्या शेणावरून सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या दवाखान्यात न्यायला गाडी आली, तेव्हा कळ सोसत तिने अंगावरची शाल काढून जावेच्या हातात दिली. ही पांघरून धार काढ, म्हणजे चांद्री फसेल. अन् हीच पांघरून चिमणीला भरव.

चांद्री फसली. शाल हुंगली, जरा पाय झाडले आणि पान्हा सोडला. चिमणीनेही शाल हुंगली, गालाशी धरली, पण मिटलेलं तोंड काही उघडलं नाही. जावेने गोंजारलं, दटावलं, एकदा तर नाक दाबून चमचा आत घालायला गेली आणि स्वतःच रडत बसली. चिमणी दाराकडे तोंड करून बसायची. ओठांना भेगा पडल्या, डोळे खोल गेले. पोर हातची जाते असं दिसलं, तेव्हा जावेने दवाखान्यात कुणाला कळवलं नाही, विचारलंही नाही. तिला रिक्षात घातलं आणि थेट संस्थेत नेलं.

दोन महिन्यांनी म्हशीवाली काठी टेकत घरी आली, ती रिकाम्या घरात. सगळं ऐकल्यावर जावेला तोंडाला येईल ते बोलली आणि त्याच पावली संस्थेकडे निघाली. पोरीला घेऊनच येणार होती.

जेवणाची वेळ होती. खिडकीतून तिला चिमणी दिसली. पुढ्यात भाताचं ताट आणि शेजारी एक ताई, चिमणीच्या कोपराला नुसतं बोट लावून बसलेली. चिमणीची मूठ ताटात गेली, वर आली. निम्मा भात मांडीवर सांडला, उरलेला तोंडात गेला. मग तिने आपल्याच हाताकडे पाहिलं आणि हसली.

आई आत गेली. चिमणीने तिला घट्ट मिठी मारली, पदराचा वास घेतला. म्हशीवाली तिथंच जमिनीवर बसली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप ताटात गेला आणि तिने घास पुढे केला. चिमणीने तिचं मनगट धरलं, तळहातावरचा भात स्वतःच्या बोटांनी उचलला आणि आपला आपण खाल्ला.

सगळे हसले. म्हशीवालीला हसू आलं नाही.

"ताई, हिला हे आधीच जमलं असतं का?"

 ताईला खोटं बोलवेना.

"जमलं असतं, मावशी."

मग म्हशीवालीने तोंडात पदर कोंबला आणि लेकीच्या ताटापाशी बसून पोटभर रडली. ती ज्याला माया म्हणत आली होती, त्यापायीच पोर उपाशी मरायला टेकली होती. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही, दाखवायची गरजही नव्हती.

आता चिमणी रोज संस्थेत जाते आणि चांद्रीचं सकाळचं दूधही तिच्याबरोबर जातं. धार जाऊच काढते, शाल न पांघरता. संस्थेचं छप्पर शाकारायचं निघालं, तेव्हा म्हशीवालीने काठी टेकत घरोघर जाऊन माणसं गोळा केली. एवढं काय त्या संस्थेचं, असं शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, "मी मेल्यावर माझ्या पोरीनं दाराकडे बघत बसू नये."

संध्याकाळी दोघींची ताटं समोरासमोर मांडली जातात. म्हशीवाली उजवा हात मांडीखाली दाबून बसते. तरी कधीकधी तो सुटतो आणि घास घेऊन पुढे जातो. चिमणी तो बाजूला सारते आणि जेवत राहते.