वाऱ्याच्या तोंडाशी

करवत चौथ्या फळीत अडकली तेव्हा रत्नप्रभेने पदर खोचला, खोक्यावर डावा गुडघा रोवला आणि पात्यावर मेणबत्ती घासली. पाते पुन्हा चालू लागले. खोक्याच्या त्या बाजूवर काळ्या रंगात चार गावांची नावे होती: रत्नागिरी, सोलापूर, नागपूर, जयपूर. पहिल्या तिन्हींवर काट मारलेली होती. करवत सोलापूर आणि नागपूर यांच्या मधून जात होती.

नंदकिशोर कचेरीतून परतला तो फाटकातच थबकला.

“अगं, हे बदलीचं खोकं आहे!”

“होतं.”

“उद्या हुकूम आला तर भांडी कशात भरायची?”

“हुकूम आला तर खोकं मिळेल कुठेतरी. अक्षय तृतीया मात्र पुढे ढकलता येत नाही.”

नंदकिशोर विम्याच्या कचेरीत अधिकारी होता. जे घडलेले नाही त्याची तजवीज करणे हा त्याचा व्यवसाय, आणि घरीही तो त्यातून पुरता सुटत नसे. त्याने कापलेल्या फळ्या उचलल्या, त्यांचे खिळे तपासले आणि त्या भिंतीशी नीट रचून ठेवल्या. जणू त्या परत जोडता येणार होत्या.

प्रश्न हळदीकुंकवाचा होता. दोन वर्षांपूर्वी, जयपुरातल्या पहिल्याच उन्हाळ्यात, रत्नप्रभेने चैत्रगौर मांडली आणि बदलीवर आलेल्या साऱ्या मराठी घरांतल्या बायकांना बोलावले. सकाळी वाटलेली आंब्याची डाळ पाच वाजेपर्यंत विटली. सगळ्यांनी एकेक घास घेतला आणि वाट्या पाटाखाली सरकवल्या. फक्त मधुमतीबाई, नंदकिशोरच्या साहेबांच्या पत्नी, निघताना हसून म्हणाल्या, “या गावात घरगुती थाट जमायचा नाही हो. पुढच्या वर्षापासून आमच्याकडेच करू. आमच्याकडे फ्रिज आहे.”

तो फ्रिज त्यांच्या दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा उभा होता. गेल्या वर्षी बायका त्याच्यासमोर ओळीने बसल्या. पन्ह्याला थोडा उशीर झाला, कारण फ्रिजची किल्ली साहेबांकडे होती आणि ते कचेरीतून यायचे होते. पण पन्हे आले तेव्हा थंडगार होते. रत्नप्रभेने तेही प्रामाणिकपणे मान्य केले. घरी येऊन तिने माहेरची पितळी गौर चिंचेने लख्ख घासली, कापडात गुंडाळून फडताळात ठेवली आणि त्यानंतर वर्षभर त्या विषयावर अवाक्षर काढले नाही. यंदा चैत्र लागताच मात्र तिने, कोणालाही न विचारता, सगळ्या घरी स्वतः जाऊन आमंत्रणे केली. मधुमतीबाईंकडे सर्वांत आधी.

लग्नापूर्वी ती मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता घेते, हे तिने तीन वर्षे फळ्यावर लिहिले होते. आता ते लाकडात लिहायचे होते.

खोक्याच्या फळ्यांचा उभा सांगाडा झाला. आत तारेच्या जाळीचे दोन कप्पे, पुढे दार, चारी बाजूंना गोणपाट. माथ्यावर पत्र्याची पसरट परात. गोणपाटाची वरची टोके तिच्या पाण्यात बुडवली की पाणी आपोआप कापडातून खाली झिरपायचे. मुंग्यांसाठी पाय पाण्याच्या वाट्यांत.

नंदकिशोरच्या आत्या, आक्काबाई, ओसरीवर सुपारी कातरत हे सारे पाहत होत्या. त्यांचा जन्म गुहागरचा. ओल्या कापडाविषयी त्यांची मते अनुभवातून आलेली होती.

“ओल्या कापडात बुरशी येत्ये गो, थंडावा नाही. आमच्याकडे आषाढात पायपुसणं महिनाभर वाळत नसे.”

“इथे आषाढ नाही, आत्या. इथे वैशाख आहे.”

“बरं, ठेवणार कुठे हे मखर?”

यावर मात्र तिघांचे तात्काळ एकमत झाले. घरातली सर्वांत थंड जागा म्हणजे कोठीची खोली. जाड भिंती, खिडकी नाही, दार बंद. कोकणातल्या माणसाला उन्हापासून वस्तू वाचवायची म्हटली की हेच सुचते.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभेने मूठभर डाळ वाटून दोन वाट्यांत सारखी घातली. एक स्वयंपाकघराच्या फळीवर, एक पेटीत. संध्याकाळी दोन्ही विटल्या होत्या. वास घेऊन कोणती कुठली हे सांगता आले नसते.

“आता तरी साहेबांच्या बाईंना सांगतेस का?” नंदकिशोर हळूच म्हणाला. “मी सांगू? तुझी तब्येत बरी नाही म्हणून?”

ती सरळ कोठीत गेली. भिंतीला ओल आली होती; हवा न्हाणीघरासारखी कोंदट होती. पेटी तिने चोहीकडून चाचपली. शेवटी परातीत बोट बुडवून पाहिले आणि तशीच उभी राहिली.

“अहो, इकडे या. सकाळी परात मी काठोकाठ भरली होती.”

“मग?”

“अजून काठोकाठच आहे.”

“चांगलं आहे की. पाणी वाचलं.”

“पाणी वाचलं म्हणूनच डाळ गेली.” ती त्याच्याकडे वळली. “तुमच्या कचेरीत वाळ्याच्या ताट्या लावतात ना? कोणत्या दाराला?”

“पश्चिमेच्या. जिकडून लू येते तिकडे. शिपाई दिवसभर पाणी मारतो, आणि आत...” नंदकिशोर बोलता बोलता थांबला. तीन उन्हाळे तो त्या ताट्यांच्या आड बसून विम्याचे दावे तपासत होता.

“उचला ती बाजू,” रत्नप्रभा म्हणाली.

पश्चिमेच्या व्हरांड्यात दुपारी कोणी पाय ठेवीत नसे. भट्टीचे दार उघडावे तसा वारा तिथे येई, आणि त्याच्यासोबत बारीक वाळू. पेटी नेमकी त्याच्या तोंडाशी उभी राहिलेली पाहून आक्काबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला.

“अगो, डाळ गार करत्येस की शिजवत्येस?”

“उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परात दोनदा भरावी लागली. पाणी उडून जात होते आणि प्रत्येक थेंब जाताना पेटीतला उकाडा घेऊन जात होता. संध्याकाळी रत्नप्रभेने दोन वाट्या आक्काबाईंपुढे ठेवल्या. आक्काबाईंनी पहिली नाकाशी नेऊन लगेच दूर सारली. दुसरीतले चिमूटभर जिभेवर ठेवले, डोळे मिटले, आणि मग उरलेली वाटी कोणाला न विचारता संपवली.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.

अक्षय तृतीयेला ऊन नेहमीपेक्षा कडक होते, आणि रत्नप्रभा त्यावर खूश होती. पाचच्या सुमारास टांगे येऊ लागले. गौर झोपाळ्यावर बसली होती. कलिंगडाची कमळे कापली होती, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या जात होत्या. डाळीच्या वाट्या आल्या तेव्हा क्षणभर कोणी हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वीचा घास सगळ्यांच्या लक्षात होता. मग एका कॅप्टनची तरुण बायको विभा, जी तेव्हा नव्हती, तिने निःशंकपणे तोंडात घास टाकला.

“अगं बाई! ही तर गार आहे. मतलब, खरंच गार!”

त्यानंतर फक्त वाट्या आणि बोटे यांचे आवाज. डाळ बर्फासारखी नव्हती. तसे कोणी म्हटले असते तर रत्नप्रभेनेच खोडून काढले असते. पण ती ताजी होती, हिरव्या कैरीचा वास जागा होता, आणि पन्हे घशातून उतरताना बायका डोळे मिटत होत्या. एकूण एक वाटी रिकामी झाली. तिघींनी पुन्हा मागितली.

मधुमतीबाईंनी वाटी खाली ठेवली. “बर्फ कुठून मागवलात?”

“बर्फ नाही. वारा.”

“थट्टा करता का?”

“या, दाखवते.”

व्हरांड्यात पाऊल टाकताच मधुमतीबाईंनी शालूचा पदर तोंडावर घेतला. रत्नप्रभेने खिट्टी फिरवून दार उघडले. मधुमतीबाईंनी बांगड्यांचा हात आत घातला. बाहेर पदर वाऱ्याने फडफडत होता. आतला हात मात्र तसाच राहिला, काढायला हवा त्याहून बराच वेळ. नागपूर हे नाव उलटे होऊन त्यांच्या मनगटाजवळ आले होते.

“याला कुलूप नाही?” त्यांनी विचारले.

“कुलूप? कशाला?”

“नाही, सहज.” त्यांनी हात काढला, तो गालाला लावला आणि आत गेल्या. निघताना त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, “पुढच्या वर्षी इथेच हो. मी येताना कैऱ्या आणीन.”

रविवारी सकाळी फाटकाशी हातगाडी उभी राहिली. तिच्यावर पुरुषभर उंचीचे, पिवळसर लाकडाचे रिकामे खोके होते. एका बाजूला वर जाणारा मोठा बाण छापलेला होता. नंदकिशोरने ते लगेच ओळखले. साहेबांचा फ्रिज यातूनच आला होता.

“साहेबांनी पाठवलं?”

“ना बाबूजी, मेमसाब ने,” गाडीवाला म्हणाला. “साहब तो दौरे पर गए हैं। मेमसाब बोलीं, जैसी आपके यहाँ है, वैसी।”

नंदकिशोरने खोके चारी बाजूंनी ठोकून पाहिले. उत्तम लाकूड होते. एखाद्या बदलीला सबंध स्वयंपाकघर त्यात मावले असते. त्याने थोडा विचार केला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि करवत मागितली.

“तिला नीट सांगा रे,” ओसरीवरून आक्काबाई म्हणाल्या, “वाऱ्याच्या तोंडाशी ठेव म्हणावं. लोक मेले कोठीत नेऊन ठेवतात आणि मग बोंबलतात.”

रत्नप्रभेने त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग पात्याला मेणबत्ती घासून तिने करवत नवऱ्याच्या हाती दिली आणि पेन्सिलीने फळीवर पहिली रेघ ओढली.

“दाराला कडीकोयंडा लावायचा ना?” त्याने विचारले. “साहेबांचं घर आहे.”

“नको,” ती म्हणाली. “नुसती खिट्टी.”