मूळ नंबराचं इंजिन

घटस्फोटात लाल गाडी निवेसला मिळाली, तेव्हा तिचं इंजिन गाडीत नव्हतं. ते फोर्मिजिने गावात नवऱ्याच्या गॅरेजमध्ये उघडून पडलं होतं. ‘मी माझ्या हातांनी दुरुस्त केलंय, ते माझं’ म्हणत नवरा एर्मेस ते सोडेना, आणि वकीलही त्या भांडणाला कंटाळले होते. निवेसनं दुसरं इंजिन बसवून घेतलं. पुढे कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग जुन्या गाड्या जमवणारा झ्यूरिकचा हुर्लिमान नावाचा ग्राहक मोदेनाला आला. जुन्या कागदांवरच्या नंबराचं इंजिन असेल तर गाडीचे तीन लाख युरो, नसेल तर एक लाख, असं त्यानं सरळ सांगितलं.

निवेस नाइलाजानं गॅरेजवर गेली. एर्मेस जेवत होता. इंजिनावर जाड काच टाकून त्यानं त्याचं टेबल केलं होतं. वर पाव, मोर्तादेल्ला सॉसेजचे काप आणि लांब्रुस्को वाइनची बाटली.

“बस,” तो म्हणाला. “नाहीतर राहा उभी. तुला उभ्यानंच भांडायला आवडतं.”

“इंजिन विकायचंय का?”

“म्हणजे गिऱ्हाईक आलंय. एरवी तू कशाला इकडे फिरकतेस.”

“पन्नास हजार देते.”

“येतील त्याच्या निम्मे.” त्यानं तोंड पुसलं. “आणि त्याच्यासमोर कबूल करायचं, की गाडी मी उभी केली. तू नुसती शेजारी बसून मिरवलीस.”

“गाडी माझ्या बाबांची होती. तू आलास तेव्हा तुझ्याकडे धड स्कूटर नव्हती.”

“तुझे बाबा! दरवर्षी एक क्लच जाळायचे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाटली उचलून काचेवर आपटावी असं वाटलं. तेवढ्यात काचेखाली इंजिनावर कोरलेला नंबर तिला दिसला. या नंबराला मोल होतं ते एकाच गाडीपुरतं. बाकी जगाला ते साधं जुनं इंजिन.

“कळवते,” एवढंच म्हणून ती निघाली.

“रडत येशील,” तो मागून म्हणाला.

आठवड्याभरात तिनं गाडी हुर्लिमानला एक लाखाला दिली आणि वर गॅरेजचा पत्ताही दिला. “मूळ इंजिन तिथे आहे. तुमच्याशिवाय त्याला गिऱ्हाईक नाही. तेव्हा घाई करू नका.”

फेब्रुवारीत एर्मेसचा फोन आला. “तो स्विस वीस हजार म्हणतोय. तू शिकवलंस त्याला.”

“भला माणूस आहे. मी दहा म्हटले असते.”

“अगं मूर्ख बाई, तुझे स्वतःचे किती बुडाले?”

“बरेच.” आलेले लाख जुन्या कर्जात गेले होते; घराचं छप्पर या वर्षीही गळणार होतं, आणि ते तिला बोचतही होतं. “पण तुझ्या तोंडाला लागावं लागलं नाही.”

तो शिव्या देत राहिला. तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि कांदा चिरायला घेतला.

एप्रिलमध्ये एर्मेसनं इंजिन पंधरा हजारांना दिलं. हुर्लिमानकडून तिला ते कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं फोर्मिजिनेच्या बारमध्ये मुद्दाम कॉफी घेतली आणि तो आकडा दोनदा मोठ्यानं सांगितला.